नीमो कर्जतचा होता का?

[दृश्य: रात्र. ठाणं सोडून कळव्याकडे निघालेली लोकल. खिडकीबाहेर खाडीचं काळं पाणी, लांबवर दिवे.]

२० ऑक्टोबर १८७२. रात्री आठ वाजता मुंबईहून एक गाडी सुटली. गाडीत एक इंग्रज गृहस्थ. तासाभरात गाडीनं पूल ओलांडले, साष्टी बेट मागं टाकलं आणि मग आलं कल्याण. म्हणजे नऊच्या सुमारास हा माणूस इथून, आपल्या ठाण्यावरून गेला. बाहेर त्यानं ढुंकूनही पाहिलं नसणार. त्याला कुठलीच स्थळं बघायची नव्हती. ऐंशी दिवसांत पृथ्वीला वळसा घालून पैज जिंकायची होती.

फिलिआस फॉग. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला.

आता अर्थातच असा कुणी इथून गेला नाही. पण ज्या रुळांवरून तो गेला ते रूळ खरे होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन, तीन इंजिनं जोडलेली गाडी ठाण्यात आली, ते शाळेत घोकलंय आपण. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. १८७० मध्ये मुंबईची गाडी थेट कलकत्त्याच्या गाडीला जोडली गेली, आणि तेव्हा कुठं ऐंशी दिवसांचं गणित कागदावर तरी बसायला लागलं. व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नाही. वर्तमानपत्रं, वेळापत्रकं आणि नकाशे समोर घेऊन त्यानं आपल्याला कल्याणपर्यंत आणून सोडलं. ठाण्याचं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, हा आमचा स्थानिक राग. असो.

[दृश्य: सकाळ. कोर्ट नाका. काळे कोट, झेरॉक्सची दुकानं, चहाच्या टपऱ्या.]

माझे आजोबा इथं कोर्टात कारकून होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मी पाचवी-सहावीत असताना मराठी ग्रंथसंग्रहालयातून साहसकथा आणायचो. १८९३ पासून ठाण्यात असलेलं हे ग्रंथालय आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न आमच्या पिढीला मराठीतच भेटला. पुस्तक संपलं की मी आबांना विचारायचो, "आबा, हा माणूस खरंच होता का हो?"

आबा चष्मा काढायचे. म्हणायचे, "कबुली आहे का? का नुसता चेहऱ्यावरून धरलायस?"

कादंबरीतला अमुक नायक म्हणजे इतिहासातला तमुक, असे दावे आज पायलीला पन्नास मिळतात. प्रत्येक वेळी मला आबांचा हा प्रश्न आठवतो. तोच घेऊन आज निघालोय.

काही संशयित आपल्या पायांनी ठाण्यावर हजर होतात. म्हणजे पोलीस ठाण्यावर. फॉगच्याच खटल्यात बघा. जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन नावाचा एक अमेरिकन उद्योजक. आडनावच ट्रेन! १८७० मध्ये हा जगप्रदक्षिणेला निघाला आणि ऐंशी दिवसांत ती पुरी केली असं सांगायला लागला. मध्ये फ्रान्समध्ये राजकारणात तोंड घातल्यामुळे तुरुंगात पडला होता, ते दिवस मात्र हिशेबातून वगळून. कादंबरी गाजल्यावर हा जन्मभर सांगत सुटला, की फॉग म्हणजे मीच, व्हर्ननं माझी कल्पना चोरली. व्हर्नकडून कबुली नाही. पण ट्रेनच्या आधी आणि नंतर तुरुंगाचे दिवस वजा करून कुणी विक्रम मोजला असेल असं मला वाटत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी तो मला आवडतो.

आणि कबुली असेल तर ती अशी असते. खजिन्याच्या बेटाची गोष्ट लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. त्याचा मित्र विल्यम हेन्ली कवी होता. हाडाच्या क्षयानं त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि दुसरा एडिंबरोच्या इस्पितळात जोसेफ लिस्टर या सर्जननं कसाबसा वाचवला. धिप्पाड देह, दाढी, गडगडाटी हसणं आणि कुबडी. १८८३ मध्ये कादंबरी पुस्तकरूपानं आली, तेव्हा स्टीव्हन्सननं हेन्लीला पत्र लिहून सरळ सांगून टाकलं, की लाँग जॉन सिल्व्हर तुझ्यावरून जन्माला आला, तुझ्या अधू शरीरातल्या जोरावरून. चाच्यांचा एकपायी म्होरक्या, आणि मूळ माणूस कवी! आबा असते तर म्हणाले असते, खटला निकाली. फाईल बंद.

[दृश्य: कर्जत लोकल. मुंब्र्याचा डोंगर, मग भाताची खाचरं.]

आमची फाईल अशी बंद होणारी नाही. त्यासाठी कर्जत गाठावं लागतं.

कर्जतजवळचं वेणगाव. १८२४ मध्ये इथं नारायण भटांच्या घरी गंगाबाईंच्या पोटी मुलगा झाला. नाव धोंडोपंत. तीन वर्षांनी, १८२७ मध्ये, त्याला कानपूरजवळ ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूरला राहणाऱ्या दुसऱ्या बाजीरावानं दत्तक घेतलं. गादी गेलेली होती, तरी वर्षाला आठ लाखांचं निवृत्तिवेतन चालू होतं. बाजीराव १८५१ मध्ये वारला आणि कंपनीनं ते बंद केलं. धोंडोपंतांच्या वतीनं अझीमुल्ला खान दाद मागायला लंडनला जाऊन हात हलवत परत आले. पुढं १८५७, कानपूर, पराभव, नेपाळची तराई. एक लाख रुपयांचं इनाम लागलं. नानासाहेब पेशवे कुणाच्याच हाती लागले नाहीत.

आता दुसरीकडं या. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्नची पाणबुडीची कादंबरी क्रमशः यायला लागली. नॉटिलस, आणि तिचा कप्तान नीमो. लॅटिनमध्ये नीमो म्हणजे कुणीच नाही. देश नाही, नाव नाही, जमिनीवर पाय ठेवायचा नाही असा पण केलेला. कोणावर तरी सूड घेतोय, पण कोणावर ते लेखक सांगत नाही.

सांगत नाही, कारण सांगू दिलं नाही. व्हर्नच्या मनात होता पोलंडचा एक सरदार. १८६३ मध्ये पोलिश लोक रशियाविरुद्ध उठले आणि चिरडले गेले, त्यातला. त्याच्या डोळ्यांदेखत घर उद्ध्वस्त झालं आणि आता तो समुद्रात रशियन जहाजं शोधतोय. पण व्हर्नचा प्रकाशक हेट्झेल म्हणाला, छे, रशियात आपली पुस्तकं खपतात. दोघांचं बरंच वाजलं. शेवटी तोडगा निघाला, की नीमो कुठलाच नाही असं ठेवायचं. म्हणजे साहित्यातला एवढा मोठा गूढ माणूस गूढ झाला तो बाजाराच्या भीतीनं.

मग १८७४-७५ मध्ये गूढ बेटाची कादंबरी आली आणि तिच्या शेवटी म्हातारा नीमो मरणाच्या दारात आपलं खरं नाव सांगतो. मी अकरा वर्षांचा होतो. रात्री गच्चीवरच्या दिव्याखाली वाचत होतो. ते पान आलं आणि मी धावत खाली गेलो. "आबा, नीमो आपला आहे! हिंदुस्थानी आहे! सत्तावन्नच्या बंडात लढला! बायको-मुलं गेली, डोक्यावर इनाम लागलं, आणि तो समुद्रात नाहीसा झाला!"

आबा झोपेत होते. म्हणाले, "नाहीसा झाला? मग वेणगावचा तर नव्हे?"

[दृश्य: वेणगाव. पावसानंतरची हिरवळ, कौलारू घरं, विहीर.]

ते अर्धवट झोपेत बोलले, पण माझ्या डोक्यात ते रुतून बसलं. कित्येक वर्षं मी मित्रांना ठासून सांगायचो, की नीमो म्हणजे नानासाहेब, आणि नानासाहेब म्हणजे कर्जत लोकल.

खटला नीट लावला की काय दिसतं? व्हर्नचा नीमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. वर आणखी टिपू सुलतानाचा पुतण्या! बुंदेलखंड कुठं, श्रीरंगपट्टण कुठं. दहाव्या वर्षी शिकायला युरोपात गेलेला, तिशीपर्यंत तिथंच राहिलेला, शास्त्रांत आणि कलांमध्ये बुडालेला. हे धोंडोपंतांशी कुठंच जुळत नाही. जुळतं ते एवढंच, की १८५७ मध्ये लढलेला एक राजकुलीन माणूस, लावलेलं इनाम, आणि पत्ता नाही.

हे जुळतं म्हणून कमी समजू नका. कारण त्या काळात नानासाहेब पकडण्याचा धंदाच चालू होता. गोसावी, बैरागी, वाटसरू, जो जरा संशयित दिसेल त्याला धरायचं. १८७४ मध्ये ग्वाल्हेरला एकाला धरलं, शिंद्यांनी तो इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि तारांवर तारा गेल्या. चौकशीअंती तो नानासाहेब नव्हता. त्याच वर्षी पॅरिसमध्ये गूढ बेट क्रमशः छापून येत होतं. एकीकडं सरकार खरा माणूस चेहऱ्यावरून धरतंय आणि सोडून देतंय, आणि तिकडं फ्रान्समध्ये एक लेखक समुद्राच्या तळाशी दुसराच एक फरारी राजपुत्र लपवून ठेवतोय. दोन्ही एकाच हवेत घडत होतं, एवढं म्हणायला मी तयार आहे. त्यापुढं नाही.

कारण व्हर्नला नानासाहेब नावानिशी ठाऊक होता, आणि त्यानं त्याला नीमो केलं नाही. १८८० मध्ये त्यानं वाफेवर चालणाऱ्या लोखंडी हत्तीची कादंबरी लिहिली. तिची सुरुवात होते औरंगाबादेत, मार्च १८६७ च्या एका संध्याकाळी. भिंतीवर जाहीरनामा लागलाय, पकडून देणाऱ्याला दोन हजार पौंड. कोणाला? तर "नबाब दांदू पंत, ऊर्फ नानासाहेब" याला. नबाब धोंडोपंत! चित्पावनाच्या नावामागं नबाब लावलेलं वाचून मी त्या पानावर पाच मिनिटं हसत होतो. पण पुढं हसू येत नाही. त्या कादंबरीत नानासाहेब क्रूर खलनायक आहे, कानपूरच्या बिबीघरातल्या कत्तलीचा धनी. म्हणजे एकाच लेखकानं एकाच बंडातून दोन माणसं काढली. ज्याला सहानुभूती द्यायची त्याचं नाव खोटं ठेवलं, आणि ज्याचं नाव खरं होतं त्याला राक्षस केलं.

म्हणून वेणगावात उभा राहून मी नीमो इथला असं म्हणणार नाही. आबा, हा चेहऱ्यावरून धरलेला आहे. पुरावा पुरत नाही.

[दृश्य: पणजी. जुन्या सचिवालयाजवळचा पुतळा. हात पसरून झेपावलेला धर्मगुरू, समोर कोसळणारी बाई.]

दुसरा माणूस तर नावानिशीच कादंबरीत गेलाय. तो ठाण्याचा नाही, गोव्याचा. पण आपल्या कोकणपट्टीतला, आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे, म्हणून कॅमेरा घेऊन एवढ्या लांब आलोय.

जुझे कुस्तोदियु फारिया. जन्म १७५६, कांदोळी. आईवडिलांचं पटलं नाही. वडिलांनी पाद्रीपद घेतलं, आई जोगीण होऊन मठात गेली. १७७१ मध्ये बाप-लेक पोर्तुगालला निघाले. पुढं मुलगा रोममध्ये शिकून धर्मगुरू झाला. गोव्यात गोष्ट सांगतात, की लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायची वेळ आली आणि हा व्यासपीठावर गारठला, तोंडातून शब्द फुटेना. खाली बसलेला बाप कोकणीत हळूच म्हणाला, "ही सगळी भाजी. कातर रे भाजी!" आणि पोरानं कापायला सुरुवात केली. आजही गोव्यात कुणाची दातखिळी बसली की हेच म्हणतात.

फारियानं या एका वाक्यावर आयुष्यभर विचार केला असावा असं मला आपलं वाटतं. कारण पुढं पॅरिसमध्ये तो ज्या गोष्टीसाठी ओळखला गेला ती हीच, की शब्दानं माणसाचं मन बदलतं. गोव्यातलं पोर्तुगीजांविरुद्धचं पिंटोंचं बंड १७८७ मध्ये उघडकीस आलं, त्यात बापाचं नाव गोवलं गेलं, आणि १७८८ मध्ये फारिया पॅरिसला आला. तिथं मेस्मर नावाच्या वैद्याचे चेले सांगत होते, की शरीरातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि त्यामुळं माणसाला झोप लागते. फारिया म्हणाला, द्रव-बिव काही नाही. झोप येते ती झोपणाऱ्याच्या मनातून, मी फक्त सूचना देतो. १८१३ पासून तो पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करायचा. समोरच्याला बसवायचा आणि म्हणायचा, झोपा. झोपायचे! आज संमोहनशास्त्र जे मानतं, त्याच्या फार जवळ हा गोंयकार दोनशे वर्षांपूर्वी पोचला होता.

फजितीही झाली. शातोब्रियाँ या फ्रेंच लेखकानं आठवणींत लिहिलंय, की एका मेजवानीत फारियानं बढाई मारली, मी नुसत्या प्रभावानं कॅनरी पक्षी मारून दाखवतो. पक्षी काही मरेना. पक्षीच वरचढ ठरला, आणि आपणच मरू या भीतीनं पाद्रीबाबांना काढता पाय घ्यावा लागला. ही भाजी काही कातरली गेली नाही.

१८१९ च्या सप्टेंबरात फारिया पॅरिसमध्ये गरिबीत वारला. पंचवीस वर्षांनी, १८४४ मध्ये, अलेक्झांडर द्युमाची माँटे क्रिस्टोची कादंबरी यायला लागली. मार्सेलीसमोरच्या बेटावरचा शातो दिफ हा तुरुंग. निरपराध तरुण कोठडीत, आणि एक दिवस जमिनीखालून खरवडल्याचा आवाज. भुयार खणून चुकून त्याच्या कोठडीत निघालेला म्हातारा कैदी त्याला भाषा शिकवतो, शास्त्रं शिकवतो, खजिन्याचा पत्ता देतो. नाव आबे फारिया.

पण कादंबरीतला फारिया इटालियन आहे. गोव्याचा वास नाही, संमोहन नाही. खरा फारिया मार्सेलीत काही काळ शिकवत होता, पण त्या बेटावर कैदेत होता असं सांगणाऱ्या कथांना आधार नाही. तो वारला तेव्हा द्युमा सतरा वर्षांचा, गावाकडं, अजून पॅरिसला राहायला न आलेला. खजिना देणारा कैदी धर्मगुरू तर पॅरिसच्या पोलीस दप्तरातून जाक प्यूशे यानं लिहून ठेवलेल्या एका वेगळ्याच हकिकतीत आहे. म्हणजे द्युमानं गोष्ट एकाची घेतली आणि पाटी दुसऱ्याची लावली. आपला फारिया फक्त नावानं आत गेला.

आणि तरीही पणजीच्या त्या पुतळ्यापाशी पर्यटक कादंबरीचंच नाव घेतात. नाव केवढं काम करतं बघा.

[दृश्य: संध्याकाळ. ठाणे मध्यवर्ती कारागृहाची भिंत, बाहेरून. रिक्षांची रांग, भिंतीवर पिंपळाचं रोप.]

परत कोर्ट नाका. ही भिंत ठाण्याच्या किल्ल्याची. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला, १७७४ मध्ये इंग्रजांकडं गेलेला. आज इथं तुरुंग आहे. आत कॅमेरा नेता येत नाही आणि न्यायचीही गरज नाही. आमचं काम भिंतीच्या बाहेरच्या आवाजाशी आहे.

जुलै १८१५. पंढरपुरात बडोद्याचे वकील, म्हणजे दूत, गंगाधरशास्त्री यांचा खून झाला. इंग्रजांनी बोट दाखवलं पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्याकडं. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं बाजीरावाच्या नाकात दम आणला आणि त्रिंबकजीला ताब्यात घेऊन इथं ठाण्यात आणला. पहाऱ्यावर देशी शिपाई नकोत, फितूर होतील, म्हणून गोरेच ठेवले. केवढी ही हुशारी!

गोऱ्यांना मराठी येत नव्हतं.

किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडं एक मोतद्दार होता. साहेबाचा घोडा फिरवायला रोज त्रिंबकजीच्या खिडकीखालून यायचा-जायचा, आणि येता-जाता आपल्याच तंद्रीत असल्यासारखा गाणं म्हणायचा. मोतद्दार आहे, गातो, त्यात काय. पहारेकऱ्यांनी ते गाणं रोज ऐकलं. ग्रँट डफनं हे मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय. बिशप हेबर १८२४ मध्ये चुनारच्या किल्ल्याला गेला होता, तिथं त्याच्या काळातही त्रिंबकजी कैदेत होता. त्या हेबरच्या प्रवासवर्णनात हे गाणं इंग्रजी पद्यात आहे. त्याचा आशय असा:

झुडपाआड तिरंदाज लपलेत, झाडाखाली घोडा उभा आहे. रानवाटेनं माझ्यासंगं येईल असा स्वार कुठं मिळेल? तिथं घोडे पंचावन्न आहेत आणि माणसं चौपन्न. पंचावन्नावा घोड्यावर बसला, की दख्खनचे दिवस पुन्हा येतील.

१२ सप्टेंबर १८१६. भाद्रपदाचा वद्य पक्ष, चंद्र उशिरा उगवणारा. संध्याकाळ उलटल्यावर त्रिंबकजी शौचाला म्हणून गेला. भिंतीला भोक पाडून ठेवलेलं होतं, पलीकडं तबेला. तिथून तो तटावरून उतरला आणि गेला. पंचावन्नावा घोड्यावर बसला.

युरोपात सिंहहृदयी रिचर्ड राजाची अशीच दंतकथा आहे. त्याचा भाट किल्ल्याकिल्ल्याखाली गात फिरतो आणि शेवटी आतून राजाचा आवाज येतो. ती दंतकथा. हे मात्र ठाण्यात घडलं, कोर्ट नाक्यावर, तारखेनिशी. चेहऱ्यावरून धरायला नको, नावावरून ओढायला नको.

दख्खनचे दिवस परत आले नाहीत. १८१८ मध्ये पेशवाई गेली, त्रिंबकजी पुन्हा सापडला, आणि या वेळी इंग्रजांनी त्याला समुद्रकाठी ठेवला नाही. पार गंगेकाठी, चुनारला नेला. तिथल्या खिडकीखाली मराठीत गायला कुणी नव्हतं.

आणि तो मोतद्दार? ग्रँट डफ त्याला "एक साधा मराठा मोतद्दार" म्हणतो आणि पुढच्या वाक्याकडं वळतो.

[दृश्य: भिंतीलगतचा रस्ता. तोच मुलगा रोज सायकलवरून चहाची किटली घेऊन जातो. शिट्टी वाजवत. कॅमेरा त्याच्यामागं जात नाही, भिंतीवरच थांबतो. शिट्टी लांब जात राहते.]